उद्यमनगरचे खरे भांडवल

‘स्टार्टअप इंडिया’ या योजनेची सुरुवात केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी केली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपले स्वतंत्र नवउद्योग धोरण आखले आणि २०२५ मध्ये नवे धोरण मंजूर केले. केंद्राची मान्यता मिळालेल्या नवउद्योगांची संख्या २०२५ च्या आरंभी दीड लाखाच्या वर गेली होती आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. या आकड्यांचा सत्ताधाऱ्यांनी अभिमान बाळगावा, हे समजण्यासारखे आहे. तथापि हे नवउद्योग महाराष्ट्रात कोठे जन्मले, कोठे वाढले आणि कोणाच्या श्रमावर वाढले, असा प्रश्न विचारला की चित्र पालटते. त्यांचा मोठा वाटा मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आहे. इतर जिल्ह्यांच्या वाट्याला येते ते एका दिवसाचे शिबिर, कल्पनांच्या सादरीकरणाची स्पर्धा, विजेत्याला पारितोषिक आणि उद्घाटनाची कोनशिला. २०२२ मध्ये राज्यभर निघालेल्या ‘स्टार्टअप यात्रे’चे स्वरूपही बव्हंशी असेच होते.

नवउद्योग म्हणजे एखाद्या तरुणाच्या डोक्यात अकस्मात चमकलेली कल्पना आणि तिच्यावर पैसे लावणारा धाडसी धनिक, अशी समजूत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. ही समजूत अर्धवट आहे. कल्पना पुष्कळांना सुचतात. त्यांतील बहुतेक पहिल्या नमुन्यापाशीच मरतात. नमुना घडवून देणारा कारागीर जवळ नसतो. चाचणीची सोय नसते. चुकलेले सुधारून पुन्हा उभे राहण्याइतका अवधी कर्ज देणारा देत नाही. आणि पहिले गिऱ्हाईक भेटत नाही. कारागीर, चाचणी, अवधी आणि पहिले गिऱ्हाईक या चार गोष्टी ज्या परिसरात एकत्र सापडतात, तेथे नवा उद्योग जगतो. अशा परिसराला आजच्या सरकारी भाषेत ‘क्लस्टर’ म्हणतात. मराठीत त्याला उद्योगसंकुल म्हणता येईल. कोल्हापूर हे असे एक संकुल आहे आणि ते कोणत्याही क्लस्टर योजनेच्या कितीतरी आधी घडले आहे. ते कसे घडले आणि आज कशामुळे खिळखिळे होऊ पाहत आहे, हे समजून घेतल्याखेरीज जिल्ह्यांसाठी नवउद्योगांचे धोरण आखणे म्हणजे पाया न पाहता मजले चढविणे होय.

अर्थशास्त्रात हा विचार नवा नाही. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शेफील्डचा चाकू-सुऱ्यांचा धंदा आणि लँकेशायरचा कापडधंदा यांसारख्या उदाहरणांवरून एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. एकाच धंद्याची माणसे पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहू लागली की त्या धंद्याचे कसब कोणा एकाचे गुपित राहत नाही. ते त्या वस्तीच्या हवेत मिसळते आणि मुलेही ते नकळत शिकतात. एकाने केलेली सुधारणा दुसरा उचलतो, तिच्यात स्वतःची भर घालतो आणि पूरक धंदे आसपास उभे राहतात. मार्शल समाजवादी नव्हते. परंतु त्यांच्या या निरीक्षणाचा अर्थ समाजवाद्यांनी नीट लावला पाहिजे. उद्योगाचे सर्वांत मौल्यवान भांडवल, म्हणजे कसब, हे मुळात सामाजिक असते. त्यातून निघणारा नफा मात्र खाजगी होतो. क्लस्टरच्या प्रश्नाचे सारे राजकारण या विसंगतीत आहे.

सामाजिक पायाभरणी

कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काचे ठिकाण मिळाले. रेल्वे त्याआधी, १८९१ मध्ये, कोल्हापुरात पोहोचली होती. १९०६ साली शाहू मिलची स्थापना झाली. राधानगरीच्या धरणाचा संकल्प याच काळातला. या गोष्टी सर्वांना पाठ आहेत. पण त्यांच्या बरोबरीने दुसरी एक बाजू आहे, ती औद्योगिक इतिहासात क्वचितच मोजली जाते. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी उभी राहिलेली वसतिगृहे, १९०२ चा मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा आदेश आणि १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय यांनी शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना शहरात राहण्याची आणि शिकण्याची संधी दिली. उद्योगसंकुलाला लागणारी माणसे अशा रीतीने तयार होतात. पेठ, पाणी आणि शाळा या तिन्ही गोष्टी सार्वजनिक पैशातून आल्या. त्यांच्यावर पुढच्या खाजगी उद्यमाचा संसार उभा राहिला.

पाण्याबरोबर ऊस वाढला, उसाबरोबर गुऱ्हाळे वाढली. गुऱ्हाळाला चरक लागतो आणि चरक मोडतो. तो दुरुस्त करणारे लोहार-सुतार शहरात स्थिरावले, त्यांनी भट्ट्या घातल्या आणि दुरुस्ती करता करता ते स्वतः यंत्रे ओतू लागले. विहिरीतले व नदीतले पाणी शेतावर चढविण्यासाठी ऑइल इंजिनाची गरज पडली, तेव्हा बाहेरून आलेले इंजिन उघडून पाहून तसेच, आणि पुढे त्याहून सोयीचे, इंजिन इथल्या मिस्त्र्यांनी तयार केले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे या इतिहासात आदराने घेतली जातात. शिवाजी उद्यमनगरात एकापाठोपाठ एक छपऱ्या उभ्या राहिल्या. त्यांतील अनेकांचे मालक पदवीधर अभियंते नव्हते. ते काल दुसऱ्याच्या लेथवर उभे असलेले कामगार होते.

आजही एखाद्याला पंपाचा नवा भाग बनवून पाहावयाचा असेल, तर कोल्हापुरात त्याला लाकडाचा वा धातूचा पॅटर्न करून देणारा एका गल्लीत भेटतो, कोअर करणारा दुसऱ्या, ओतकाम करणारी फाउंड्री शिरोलीत, यंत्रकाम करणारा गोकुळ शिरगावात किंवा उद्यमनगरातच. पाच नग करून देण्यास कोणी नाक मुरडत नाही, कारण जॉबवर्क हाच इथल्या छोट्या कारखान्यांचा श्वास आहे. नमुना फसला तर चार दिवसांत दुसरा होतो. अपयशाची किंमत कमी होणे हा संकुलाचा नवउद्योगाला होणारा सर्वांत मोठा लाभ आहे. महानगरात ही किंमत भांडवलदाराच्या पैशाने भागविली जाते. कोल्हापुरात ती शेजाऱ्याच्या कसबाने भागते.

हे कसब एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात कसे जाते, याचे उदाहरण चित्रपटसृष्टीने दिले आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमारास चित्रीकरणाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतः बनविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. या कंपनीला भांडवल पुरविले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. पुढे १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे त्या कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. अमेरिकेत १९५७ साली आठ तंत्रज्ञ आपल्या मालकाला सोडून बाहेर पडले, त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर काढली आणि तिच्यातून १९६८ मध्ये इंटेल निघाली. सिलिकॉन व्हॅलीच्या चरित्रात ही कथा कौतुकाने सांगितली जाते. शिकलेल्या कामगाराने बाहेर पडून स्वतःचे काही काढणे ही संकुलाची जननक्षमता असते. कोल्हापूरने ती १९२९ मध्येच दाखविली होती.

मात्र ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली, हेही विसरता कामा नये. वाढलेला उद्योग मोठ्या शहराकडे ओढला जातो, ही ओढ जुनी आहे. जिल्ह्याने जन्म द्यावा, वाढवावे आणि फळ महानगराने खावे, हा क्रम थांबवावयाचा असेल तर उद्योगाला मोठेपणीही जिल्ह्यात राहावेसे वाटेल अशा सोयी सार्वजनिक रीतीने उभ्या कराव्या लागतात. नुसत्या प्रादेशिक अस्मितेने कोणी थांबत नाही.

पहिले गिऱ्हाईक

नव्या उद्योगाला पैशाइतकेच, किंबहुना पैशाहून अधिक, पहिले गिऱ्हाईक महत्त्वाचे असते. गंगाराम कांबळे यांची कथा कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचे चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानासमोर थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागला. सामाजिक सुधारणेचा प्रसंग म्हणून ही कथा सांगितली जाते, ते योग्यच आहे. परंतु ती आर्थिक धोरणाचीही कथा आहे. ज्याला बाजार दार उघडत नाही, त्याच्यासाठी राज्यसंस्थेने पहिले गिऱ्हाईक व्हावयाचे असते. दुकानाला अनुदान देऊन महाराज थांबले असते तर दुकान बंद पडले असते.

हे तत्त्व आजच्या कायद्यातही आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी आदेशानुसार केंद्रीय खाती व उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असून, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि स्त्री उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा राखलेला आहे. पण कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत मोठे गिऱ्हाईक दिल्लीचे खाते नव्हे. ते इथल्या सहकारी संस्थांच्या रूपाने दारात उभे आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेला ‘गोकुळ’ दूध संघ, सहकारी साखर कारखाने, पाणीपुरवठा संस्था, सूतगिरण्या, नगरपालिका आणि महानगरपालिका यांना दरवर्षी पंप, झडपा, शीतयंत्रे, सांडपाणी शुद्धीकरणाची साधने आणि हिशेबाच्या प्रणाली लागतात. शेतकऱ्याच्या उसातून आणि दुधातून उभ्या राहिलेल्या या संस्थांनी आपल्या खरेदीचा ठरावीक भाग जिल्ह्यातील नव्या उद्योगांसाठी, गुणवत्तेची अट कायम ठेवून, राखला तर एकही नवी योजना न काढता शेकडो तरुणांना पहिले गिऱ्हाईक मिळेल.

सोडविण्यास प्रश्नही कमी नाहीत. पंचगंगेचे प्रदूषण इचलकरंजीच्या वस्त्रप्रक्रिया उद्योगाला आणि नदीकाठच्या गावांना वर्षानुवर्षे भोवत आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा दूषित पाण्याची किंमत माणसांनी मोजली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शहर व महामार्ग दोन्ही ठप्प केले. मुंबईतल्या ग्राहकाला दहा मिनिटांत किराणा पोहोचविणे हाच नवनिर्मितीचा आदर्श मानला जात असेल, तर पंचगंगेचे पाणी शुद्ध करण्याची स्वस्त रीत शोधणे ही नवनिर्मिती का नव्हे? संकुलातल्या नवउद्योगाचा विषय त्या परिसराच्या गरजेतून यावा लागतो. तसा तो आला म्हणूनच चरकापासून इंजिनापर्यंतचा प्रवास घडला.

दुसरे स्थित्यंतर

ऑइल इंजिनाच्या धंद्याने कोल्हापूरला दोन-तीन दशके भरभराट दिली. पुढे खेडोपाडी वीज गेली, विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिनाची मागणी आटली. एकाच मोठ्या कंपनीवर जगणारे शहर अशा आघाताने उजाड होते. कोल्हापूर उजाड झाले नाही. इंजिन बनविण्यासाठी जमविलेले ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कसब मोटार, ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्या सुट्या भागांकडे वळले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत आज सुमारे ३०० फाउंड्र्या असल्याचे सांगितले जाते आणि इथली कास्टिंग्ज परदेशातही जातात. माल बदलला, कसब टिकले. उद्योगसंकुलाची चिवटता ती हीच.

आता दुसरे स्थित्यंतर दारात उभे आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनाला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. ट्रॅक्टर, पंप, झडपा, ब्रेकचे भाग, मोटारीची आवरणे यांना मागणी राहील. पण ज्या कारखान्यांचे पोट इंजिनाच्या भागांवरच भरते त्यांच्यापुढे पाच-दहा वर्षांत कठीण प्रसंग येणार आहे. या वेळी वळण घेणे पूर्वीइतके सोपे नाही. नव्या मालाला धातुशास्त्राचे अधिक सूक्ष्म ज्ञान, संगणकावरील रचना आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची जोड लागेल, आणि ती एकेकट्या छोट्या कारखानदाराच्या आवाक्यातली नाही. पॅटर्न करणाऱ्याचा हात आणि संगणकावर रचना करणाऱ्या मुलीची बुद्धी यांची गाठ पडली तरच इथे नवे काही घडेल. अशी गाठ घालून देणारी जागा म्हणजेच खरे नवउद्योग केंद्र होय.

शासनाला हे अगदीच उमगले नाही असे नव्हे. आबिद हुसेन समितीने १९९७ मध्येच लघुउद्योगांना एकेकटे संरक्षण देण्याऐवजी त्यांच्या संकुलांना सामाईक साह्य देण्याची दिशा दाखविली होती. २००७ पासून केंद्राची सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास योजना सामाईक सुविधा केंद्रांना अनुदान देते. कोल्हापुरातही फाउंड्रीचालकांनी एकत्र येऊन केंद्राच्या साह्याने ‘कोल्हापूर फाउंड्री अँड इंजिनिअरिंग क्लस्टर’ ही संस्था उभारली आणि वापरलेली वाळू पुन्हा उपयोगात आणण्याचा सामाईक प्रकल्प हाती घेतला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु या साऱ्या रचनेत ‘समूह’ म्हणजे मालकांचा समूह, एवढाच अर्थ गृहीत धरलेला आहे. ज्यांच्या हातांत कसब आहे त्यांना त्यात स्थान नाही. हीच या धोरणाची सर्वांत मोठी उणीव आहे.

कसब कोणाचे?

फाउंड्रीतले काम उष्णतेचे, धुळीचे आणि जिवावरचे आहे. सिलिकायुक्त वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. तो कायद्याने अधिसूचित व्यावसायिक रोग आहे आणि त्याला बरे करणारे औषध नाही. अशा कामाकडे स्थानिक तरुण पाठ फिरवतो, यात आश्चर्य नाही. त्याची जागा बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेल्या आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या कामगाराने घेतली आहे. तो कष्टात कमी नाही. पण आज या भट्टीवर तर पुढच्या हंगामात दुसऱ्या राज्यात, अशी ज्याची स्थिती ठेकेदारीने करून ठेवली आहे, तो कसब शिकणार कधी आणि दुसऱ्याला शिकविणार कधी? मग उद्याचा म्हादबा मेस्त्री कोठून निघणार? ठेकेदारी ही कामगारावर अन्यायकारक आहेच. ती संकुलाचे बियाणे खाऊन टाकणारीही आहे. मालकवर्गातील दूरदृष्टीच्या लोकांनाही हे नाकारता येणार नाही.

नव्या कायद्यांची दिशा मात्र उलटी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी स्थायी आदेशांचे बंधन ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते ठेवले. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांपैकी फार थोड्या या मर्यादेत बसतील. म्हणजे जेथे लिखित सेवाशर्तींची गरज सर्वांत अधिक, तेथेच त्या सक्तीच्या राहणार नाहीत.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. छोटा कारखानदार पिळतो, कारण तोही पिळला जातो. त्याचा माल घेणारी मोठी कंपनी दरवर्षी भाव उतरवून मागते आणि पैसे महिनोन् महिने अडकवून ठेवते. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांच्या आत चुकती करण्याचे बंधन घातले आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने वेळेत न दिलेली अशी रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली. कायदा आहे; पण गिऱ्हाईक तुटेल या भीतीने छोटा उद्योजक तक्रार करीत नाही. एकट्याने करता न येणारी तक्रार संघटनेने करावयाची असते. या प्रश्नावर कामगार संघटना आणि लघुउद्योजक यांचे हित काही अंतरापर्यंत एक आहे, हे डाव्या चळवळीने उघडपणे मान्य केले पाहिजे.

कसबावर हक्क सांगणारी संघटना नसली म्हणजे काय होते, हे कोल्हापुरी चपलेने अलीकडेच दाखविले. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने तशाच चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावदेखील घेतले गेले नाही. महाराष्ट्रात संतापाची लाट उठल्यावर कंपनीने मूळ मान्य केले, तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन गेले आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो किमतीचे, असे त्याचे स्वरूप सांगितले गेले. त्यातून काही कारागिरांना काम मिळेल, हे चांगलेच आहे. पण ज्या चर्मकार कुटुंबांनी हे कसब पिढ्यान् पिढ्या, आणि तेही अपमान सोसून, सांभाळले, त्यांच्या हातात त्या किमतीतले किती पडणार, हे ठरविणारी त्यांची स्वतःची बलवान सहकारी संस्था मात्र वाटाघाटीच्या मेजावर नव्हती.

यावर उपाय नाही असे नव्हे. इटलीतील मोदेना शहराचा दाखला येथे उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कारखान्यांतून शेकडो धातुकामगार काढून टाकले गेले. कम्युनिस्ट महापौर आल्फेओ कोरास्सोरी यांच्या नगरपालिकेने १९५३ मध्ये जमीन घेऊन, रस्ते-वीज-पाणी पुरवून, ती या कामगारांना छोटे कारखाने काढण्यासाठी माफक दरात दिली. ‘कारागिरांचे गाव’ म्हणून ती वसाहत प्रसिद्ध झाली. त्याच प्रांतातील कार्पी येथे १९८० मध्ये विणीच्या कपड्यांच्या लहान कारखान्यांसाठी माहिती व तांत्रिक सेवा देणारे सामाईक केंद्र निघाले. एमिलिया-रोमान्या हा प्रांत पुढे युरोपातील समृद्ध प्रांतांत गणला गेला. तेथे मजुरीही चांगली राहिली आणि सहकारही टिकला. स्वस्त मजुरीवर स्पर्धा करण्याचा एकच मार्ग छोट्या उद्योगांपुढे आहे, हा सिद्धान्त मोदेनाने खोटा पाडला. सहकाराची परंपरा कोल्हापुरात मोदेनाहून कमी नाही. ती साखर आणि दूध यांपुढे भट्टीपर्यंत गेली नाही, एवढेच.

मागण्यांची दिशा

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी नवउद्योगांचा विषय हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ म्हणून सोडून देऊ नये. त्यावर स्वतःची मागणी घेऊन उभे राहिले पाहिजे. या मागण्या मुख्यतः पाच असाव्यात.

पहिली, उद्यमनगरच्या हाकेच्या अंतरावर सार्वजनिक मालकीचे चाचणी व नमुना केंद्र हवे. धातूची परीक्षा, मोजमाप, संगणकीय रचना आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सोय तेथे माफक शुल्कात मिळावी. शिवाजी विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था त्याला जोडलेल्या असाव्यात. आणि त्याच्या नियामक मंडळावर उद्योजकांइतकेच कामगारांचे प्रतिनिधी असावेत. दुसरी, औद्योगिक वसाहतींतील काही गाळे दहा वर्षे अनुभव असलेल्या कामगारांना, एकेकट्यांना किंवा त्यांच्या सहकारी संस्थांना, भाडेपट्ट्याने राखून द्यावेत. रिकामे भूखंड अडवून ठेवणाऱ्यांकडून ते परत घेतले तर जागेचा प्रश्न निघणार नाही. तिसरी, जिल्ह्यातील सहकारी बँकांनी पीककर्जाप्रमाणेच नमुनाकर्ज द्यावे. पहिली दोन वर्षे व्याजाखेरीज हप्ता नसावा आणि जोखमीचा एक भाग राज्य शासनाने उचलावा. चौथी, सहकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांनी खरेदीतील राखीव वाट्याचा ठराव करावा आणि तो पाळला की नाही याचा अहवाल वार्षिक सभेत मांडावा. पाचवी, सार्वजनिक साह्य घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने धूळनियंत्रण, कामगारांची नियमित छातीतपासणी, लिखित सेवापत्र आणि खरेखुरे प्रशिक्षण यांची हमी द्यावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा उपयोग स्वस्त मजूर मिळविण्यासाठी होत असेल तर तो कायद्याचा आणि कसबाचाही द्रोह आहे.

या मागण्यांत स्वप्नाळूपणा नाही. यांतील चौथ्या मागणीसाठी मुंबई-दिल्लीकडे तोंड करण्याचीही गरज नाही. साखर कारखान्याच्या आणि दूध संघाच्या वार्षिक सभेला जो सभासद शेतकरी जातो, त्याचाच मुलगा पदविका घेऊन पुण्याच्या गाडीची वाट पाहत असतो. त्या सभासदाने सभेत उभे राहून ठराव मांडावा, यासाठी त्याला तयार करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरास मिळावे म्हणून सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि नागरिकांनी दशकानुदशके लढा दिला आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. चिकाटीने केलेली प्रादेशिक मागणी फळते, याचा हा ताजा पुरावा आहे. न्यायासाठी जेवढी चिकाटी दाखविली, तेवढी रोजगारासाठी दाखविणे अशक्य नाही.

उद्यमनगरातील छपऱ्या, भट्ट्या आणि लेथ यांची किंमत ताळेबंदात लिहिता येते. त्या चालविणाऱ्या हातांतले कसब ताळेबंदात येत नाही. म्हणून ते उधळले गेले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पुढील स्थित्यंतरात कोल्हापूर टिकेल की नाही, हे त्या कसबाची राखण कोण करतो यावर ठरणार आहे. ते काम मालकांच्या आणि सरकारच्या सद्भावनेवर सोडून भागणार नाही.